डेलिया मॅकनल्टीचं स्वतःचं मत

डेलियाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचं नाव जोसेफिन डार्गन होतं. म्हणजे तिने तसं सांगितलं. खरी जोसेफिन डार्गन ही माझ्या बेकरीतून रोज सकाळी सोडा-ब्रेड नेणारी म्हातारी. ती जाऊन तेव्हा अर्धं वर्ष उलटलं होतं आणि तिच्या मातीला आलेल्या माणसांसाठी पाव मीच भाजले होते.

एकोणीसशे छत्तीसचा नोव्हेंबर. आमच्या फाउंड्री स्ट्रीटवरच्या अग्निशमन केंद्रात मतदान चाललं होतं. बंब बाहेर रस्त्यावर काढून ठेवले होते आणि आत टेबलं मांडली होती. मी रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक बाई, अंगावर तिच्या मापाचा नसलेला कोट आणि डोक्यावर हिरवी, पिसाची टोपी. आमच्या गल्लीत तिला कधी पाहिलेलं नव्हतं. पण निवडणुकीच्या दिवशी अनोळखी चेहऱ्यांचं आम्हाला नवल वाटत नसे. तो सगळा क्रॉटीचा कारभार.

क्रॉटी हा आमच्या भागाचा मालक. कुठल्याच पाटीवर त्याचं नाव नव्हतं, पण ट्राममधली नोकरी, मांसाच्या कारखान्यातली नोकरी, पोलिसाची वर्दी, सगळं त्याच्या दारातून जायचं. कायद्याने मतदानाच्या टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं बसवावी लागत, आणि बसतही. फक्त समोरच्या पक्षाचा म्हणून बसणारा गडीही क्रॉटीच्याच पंगतीतला असायचा. त्या वर्षी तो गडी जिन्यावरून पडला आणि पाय मोडून घरी बसला. ऐनवेळी माणूस हवा म्हणून क्रॉटीचा उजवा हात हॅप ग्रीलिश याने एमेट डार्गनला बसवलं.

एमेट ट्राम चालवायचा. पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा, आणि इतका अबोल की ट्रामला आग लागली तरी "पुढच्या थांब्यावर उतरा" एवढंच म्हणेल. हॅपला तेच हवं होतं. "एमेट ना? तो काय बोलणार! बसवा त्याला," असं तो म्हणाल्याचं पुढे सगळ्या गल्लीला पाठ झालं.

"नाव?" एमेटने मान खाली घालूनच विचारलं.

"जोसेफिन डार्गन," टोपीवाली म्हणाली.

एमेटच्या हातातली पेन्सिल थांबली. त्याने मान वर केली नाही.

"पत्ता?"

"बारा, फाउंड्री स्ट्रीट."

"वरचा मजला की खालचा?"

हे तिला कुणी पढवलेलं नव्हतं. ती चाचरली. "वरचा."

"वर कबुतरं राहतात बाई," एमेट म्हणाला. "खाली मी राहतो. आणि आई राहायची."

रांगेतल्या सगळ्या माना पुढे वळल्या. शेगडीपाशी हात शेकत उभा असलेला हॅप तिथूनच म्हणाला, "एमेट, बाईंना कागद दे. लोक खोळंबलेत."

"देतो. एकच विचारायचंय." एमेटने आता मान वर केली. त्याचा चेहरा पांढराफटक होता, पण आवाज ट्राममधल्यासारखाच शांत. "तुम्ही मत कुणाला देणार होता?"

"ए, ते विचारता येत नाही! कायदा आहे!" हॅप ओरडला. कायद्याचं नाव त्याच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"दुसऱ्या कुणाला नाहीच विचारत मी," एमेट म्हणाला. "आईला विचारतोय. क्रॉटीने चर्चला दिलेली घंटा वाजायला लागली की आई खिडकी लावून घ्यायची. त्याचं नाव घरात काढलं तर जेवण मिळायचं नाही. म्हणून विचारतो, की बाई, वर जाऊन तुझं मत बदललं का गं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. त्या बाईने टोपी काढली. का काढली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. टोपीखाली लाल केसांचा, घामेजलेला, दमलेला चेहरा होता.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला नुसतं नाव सांगतात."

झालं. त्या अग्निशमन केंद्रात जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी कधी बोललं नव्हतं, ती सगळ्यांसमोर बोलली गेली. हॅप धावत आला आणि त्याने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला आणि टोपी हातात धरून निघून गेली. एमेट उठला, आपला कोट घातला आणि तोही गेला. हॅपने टेबलावर लगेच दुसरा माणूस बसवला आणि मतदान पुढे सुरू झालं. जोसेफिन डार्गनचं मत त्या दिवशी पडलंच. दुपारी दुसऱ्याच कुठल्या बाईने दिलं म्हणे.

चार दिवसांनी ती लाल केसांची बाई माझ्या दुकानात आली. टोपी नव्हती, कोट तिच्या मापाचा होता.

"बारा नंबर कुठला? डार्गनांचं घर?" तिने विचारलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्या दिवशी रांगेत होता."

"होते."

"मला त्यांची माफी मागायचीय. तुम्ही सोबत याल का? ते मारतील का हो मला?"

"एमेट? तो माशी मारायची झाली तर आधी तिची माफी मागेल," मी म्हणाले. पण ती खरंच घाबरलेली दिसली, म्हणून एप्रन काढून गेले सोबत.

तिचं खरं नाव तिने वाटेत सांगितलं. डेलिया मॅकनल्टी. राहायला रुळांच्या पलीकडे, नदीकाठच्या सखल वस्तीत. नवरा पीटर नदीतल्या मालवाहू बार्जवर काम करायचा. एका वसंतात नदी फुगली, तेव्हा बार्जवरून पडला, आणि आठवड्याने प्रेतच हाती लागलं. मातीला क्रॉटी स्वतः आला होता. कुणाही माणसाच्या मातीला यायचा तो, आणि उगाच नाही, मनापासून रडायचा. दुसऱ्या आठवड्यात तिच्या दारात कोळसा येऊन पडला. मग लॉन्ड्रीत काम मिळालं. पदरात तेव्हा तीन वर्षांची मुलगी, उना. डेलियाला वाटलं, देवच पावला.

आणि निवडणूक आली तेव्हा हॅप ग्रीलिश दारात उभा. "साहेबांना थोडी मदत हवीय, डेलिया."

पहिल्या वर्षी एकच नाव होतं. मग नावं वाढत गेली. लॉन्ड्रीत लोकांनी न नेलेले कोट आणि टोप्या पडलेल्या असत. सकाळी एका केंद्रावर निळा कोट, दुपारी दुसऱ्या केंद्रावर काळा. हॅप मोटारीत नाव सांगायचा, ती उतरून मत द्यायची, परत मोटारीत बसायची. एका वर्षी सगळं उरकल्यावर तिने विचारलं, "आता माझ्या स्वतःच्या नावाने देऊन येऊ का?" हॅप पोट धरून हसला होता. "तुझं कधीच पडलं की! सकाळी पहिल्या तासातच आटपतो आम्ही तुमच्या गल्लीचं."

"मला वाईट नाही वाटलं तेव्हा," डेलिया मला म्हणाली. "नुसतं चमत्कारिक वाटलं. माझा कोट दुसरंच कुणी घालून फिरतंय, असं."

एमेटने दार उघडलं. आम्हाला पाहून बाजूला झाला, पण बसा म्हणाला नाही. डेलियाने उभ्याउभ्याच माफी मागितली. मग ती म्हणाली, "तुमच्या आईसाठी मेणबत्ती लावलीय मी. ज्यांचं नाव घेते त्या सगळ्यांसाठी लावते. कुणाचं नाव असं फुकट कसं वापरायचं?"

"कुठल्या चर्चमध्ये लावलीत?" एमेटने विचारलं.

"सेंट ब्रेंडनमध्ये."

"म्हणजे क्रॉटीच्या घंटेखाली." एमेटने मान हलवली. "जाऊन विझवून या. आईला नाही चालणार."

डेलियाचा चेहरा पडला. एमेटने तो पाहिला आणि त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आधी मला वाटलं हसतोय. हसतच होता, पण हसता हसता खुर्चीत बसला आणि आई गेल्यापासून कुणी त्याला रडताना पाहिलं नव्हतं तसा रडला. डेलिया शेगडीपाशी गेली, किटली उचलून पाहिली आणि चहा ठेवला. मी पाव कापला. तेवढ्यावर आमच्या तिघांची ओळख झाली, ती जन्माची.

पण क्रॉटीच्या माणसांना ती माफी नको होती. डेलियाचं लॉन्ड्रीतलं काम त्याच आठवड्यात गेलं. कोळसा यायचा बंद झाला. एमेटला ट्रामवरून उतरवून शेडमध्ये डबे धुवायला लावलं. माझ्याकडे मदतीला कुणी नव्हतं, आणि डेलियाला कणीक मळता येत होती, म्हणून मी तिला बेकरीत घेतलं. तर माझ्याकडे महापालिकेचा तपासनीस आला आणि पिठाच्या कोठारात त्याला मेलेला उंदीर सापडला. माझी खात्री आहे, खिशातूनच आणला असणार. कारण माझी मांजर असली कामचुकार नव्हती. आठवडाभर दुकान बंद राहिलं. डेलिया म्हणाली, "हॅना, मी जाते. माझ्या पायी तुमचं नको बुडायला."

"जा की," मी म्हणाले. "पण आधी ते तीन नंबरचे साचे घासून ठेव." ती गेली नाही.

त्या हिवाळ्यात शहरात एक गोष्ट घडली. आमच्या कोर्टातले जज क्रॉटीच्या घरी जेवायला जायचे, त्यामुळे तिथे काही होणार नव्हतंच. पण मतदानाची तक्रार केंद्र सरकारच्या कोर्टापर्यंत पोचली, आणि तिथला जज कुणाच्या घरी जेवत नसे. लोअरी नावाचा तरुण सरकारी वकील गल्लोगल्ली हिंडायला लागला. पेट्या उघडल्या तर शेकडो कागदांवर एकाच हाताच्या फुल्या. पण कागद बोलत नाहीत, त्याला बोलणारी माणसं हवी होती. आणि माणसं दार लावून घ्यायची. भीती होतीच, आणि काहींना खरंच लाज वाटायची. क्रॉटीचा कोळसा आमच्यातल्या किती घरांत जळला होता!

लोअरी बेकरीत आला तेव्हा त्याने डेलियाला काहीही लपवून सांगितलं नाही. "तुम्ही साक्ष दिलीत तर तुमचा गुन्हाही कबूल करावा लागेल, मिसेस मॅकनल्टी. शिक्षा काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"तुरुंग?"

"होऊ शकतो."

ती म्हणाली, विचार करून सांगते. माझ्या मते तिचा विचार नाहीच्या बाजूचा होता. पोर लहान, नवरा नाही. मीही तिला कर म्हणाले नाही.

दोनच दिवसांनी हॅप ग्रीलिश दुकानात आला. भल्या सकाळी, गिऱ्हाईक भरलेलं असताना, अगदी हसतमुख. उना काउंटरमागे बसून शाळेचं लिहीत होती.

"डेलिया, झालं गेलं विसर. लॉन्ड्रीची जागा तुझी तुला परत. कोळसाही येईल. साहेब मनात काही ठेवत नाहीत."

डेलिया पाव बांधत राहिली.

हॅपने वाकून उनाच्या गालाला हात लावला. "काय गं लाल केसवाले, केवढी झालीस! अजून थोडी मोठी हो, मग आईसारख्या छान छान टोप्या घालून तूही आमच्या मोटारीतून फिरशील, काय?"

डेलियाच्या हातातली सुतळी गळून पडली. काउंटरला वळसा घालून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता कानाखाली देते. पण तिने नुसतं दार उघडून धरलं.

"मिस्टर ग्रीलिश," ती म्हणाली, "साहेबांना सांगा, पीटरच्या मातीला आलात त्याचे आभार. कोळशाचेही आभार. पण पोरगी मिळायची नाही."

दुपारी तिने लोअरीला निरोप धाडला.

खटल्याच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. आरोपींच्या बाकावर हॅप आणि त्याची बरीच माणसं होती. क्रॉटी नव्हता, त्याच्या हाताची रेघसुद्धा कुठे सापडली नव्हती. आरोपींचा वकील ब्रॅनिगन हा जाडजूड, गोड आवाजाचा माणूस. डेलिया साक्षीला उभी राहिली, लोअरीचे पहिले प्रश्न झाले, आणि तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला.

"बाई, आज शपथ कुठल्या नावाने घेतलीत?"

लोक हसले. डेलिया लाल झाली. "माझ्या."

"ते तुमचंच कशावरून? तुमच्याकडे नावांचा बराच साठा दिसतो."

"आईबापांनी ठेवलंय. त्यांनाच विचारा म्हणाले असते, पण ते मेलेत. आणि मेलेली माणसं आमच्या शहरात फक्त तुमच्या अशिलांसाठी बोलतात."

या वेळी जे हसू उठलं त्याने जजला हातोडा आपटावा लागला. तो स्वतः खाली मान घालून काहीतरी खरडत होता, पण त्याच्या मिश्या हलताना मी पाहिल्या.

मग लोअरीने पुन्हा उठून तिला विचारलं, कुणाकुणाच्या नावाने मत दिलंत. ती आठवून सांगायला लागली. "बेसी टूमी." मागच्या बाकावर एक म्हातारा उभा राहिला. त्याने टोपी काढून छातीशी धरली. "माझी बायको," एवढंच म्हणाला. "नोरीन क्लूनी." एक मुलगी उठली. "कॅथरीन शॅनली." दोन भाऊ उठले. जजने आधी हातोडा उचलला होता, तो त्याने तसाच खाली ठेवला. कुणी आरडाओरडा केला नाही. नुसती माणसं उभी राहत होती आणि बसत नव्हती. हॅप ग्रीलिश आपल्या बुटांकडे बघत होता.

सगळी नावं तिला आठवली नाहीत. काही अर्धवट आठवली, एका नावात ती अडकली. "मेरी... केलहर. हो, मेरी केलहर."

ब्रॅनिगन याचीच वाट पाहत होता. "मेरी केलहर! महाराज, मेरी केलहर जिवंत आहे. ती इथे या दालनात बसलीय! ही बाई कुणालाही मेलेलं ठरवते! हिच्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवायचा?"

डेलिया बाकांवरच्या चेहऱ्यांत मेरी केलहरला शोधायला लागली. आणि तेवढ्यात डाव्या बाजूने एक ठेंगणी, धष्टपुष्ट बाई बाकावरच चढली.

"जिवंत आहेच मी!" ती कडाडली. "बघा की, चांगली जिवंत आहे! आणि त्या दिवशी मी मत द्यायला गेले तर म्हणाले, तुमचं पडलंय बाई, घरी जा! मी म्हटलं, अहो मी आत्ता येतेय! तर म्हणाले, विसरला असाल! मी विसरेन? घरी नवऱ्यालाही सांगितलं, तो म्हणतो, तुझं वय झालं मेरी! दोन महिने मला वाटतंय की माझं डोकं फिरलं!"

तिला खाली बसवायला शिपायांना बरेच कष्ट पडले. ब्रॅनिगनने डेलियाला पुढे एकही प्रश्न विचारला नाही. कोर्ट उठल्यावर मेरी केलहर तरातरा डेलियाकडे गेली. मला वाटलं, आता भांडण. पण तिने डेलियाचे दोन्ही हात धरले. "बयो, तू माझं डोकं ठिकाणावर आणलंस," म्हणाली. मग मात्र डोळे वटारून पुढे म्हणाली, "आता सांग, मी मत कुणाला दिलं?"

हॅप आणि त्याच्या बऱ्याच माणसांना शिक्षा झाली. क्रॉटी त्या वेळी सुटला. आपला गुन्हा डेलियाने कबूल केलेलाच होता. जजने तिला तुरुंगात धाडलं नाही. वर्तन चांगलं ठेवण्याच्या अटीवर सोडलं. पण गुन्हेगार ठरल्यामुळे तिचा मताचा हक्क गेला.

"म्हणजे मला आता एकदाही मत देता येणार नाही?" तिने विचारलं.

"नाही, मिसेस मॅकनल्टी. माफी मिळेपर्यंत नाही."

डेलियाला हसू आलं. कोर्टात, जजसमोर. तिने तोंडावर हात दाबला, पण थांबेना. बाहेर पायऱ्यांवर आली तेव्हा कुठे तिचे डोळे भरून आले. एमेटने खिशातून रुमाल काढून दिला. त्याला ट्रामच्या तेलाचा वास येत होता.

आता खरं काम सुरू झालं. नव्या कायद्याने मतदारांची यादी पहिल्यापासून करायची होती, आणि ती तपासायला आमच्या चर्चमधल्या बायका निघाल्या. क्रॉटीविरुद्ध पुरुष उघडपणे निघेनात. त्यांच्या नोकऱ्या होत्या. बायका निघाल्या. डेलियाला मत नव्हतं, पण दार ठोठावायला कुणाची बंदी नव्हती. ती आणि मेरी केलहर जोडीने फिरायच्या. काही दारं तोंडावर बंद झाली. एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाने त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं. मेरीने तीच बादली त्याच्या डोक्यात घातली. एके ठिकाणी यादीप्रमाणे अठराजण राहत होते, तिथे जाऊन पाहिलं तर मोकळी जागा आणि एक बांधलेली शेळी. "काय हो," मेरीने शेळीला विचारलं, "बाकीचे कामावर गेलेत का?" त्या शेळीची गोष्ट आठवड्याभरात सगळ्या शहरात पसरली, आणि मला वाटतं, क्रॉटीचं जितकं नुकसान कोर्टाने केलं त्याहून जास्त त्या शेळीने केलं. लोक त्याला भ्यायचे तोवर ठीक होतं. आता त्याच्या मोटारीला पाहून पोरं बॅं बॅं करायला लागली.

पण दारं उघडायलाही लागली. माणसं आपणहून सांगायची, "माझा भाऊ गेला गेल्या वर्षी, त्याचं नाव काढा बरं का." डेलिया ते नाव यादीतून काढायची आणि जाताना म्हणायची, "मी मेणबत्ती लावते त्यांच्यासाठी." सवय सुटली नव्हती तिची. फक्त आता चर्च बदललं होतं, एमेटच्या आग्रहावरून.

चाळीस साली शहराची निवडणूक झाली. मतदानाच्या प्रत्येक केंद्रावर बायका सकाळपासून बसून होत्या. डेलिया रस्त्यापलीकडे टेबल मांडून कॉफी आणि पाव देत उभी राहिली, येणाऱ्या प्रत्येकाला, क्रॉटीच्या माणसांनाही. तिचं एकच म्हणणं होतं, "कुणाला द्यायचं ते दे, पण आपलं आपण दे." संध्याकाळी निकाल लागला. क्रॉटीचा महापौर पडला. फार मोठ्या फरकाने नाही, पण पडला. फाउंड्री स्ट्रीटवर माणसं घराबाहेर आली, कुणीतरी ॲकॉर्डियन काढलं. एमेट, जो आयुष्यात कधी नाचला नव्हता, मेरी केलहरच्या तावडीत सापडला आणि नाचला. क्रॉटीने पुढे सगळ्यातून अंग काढलं आणि बहिणीकडे राहायला गेला. म्हातारपणी त्याच्या मातीला फारसं कुणी नव्हतं. डेलिया गेली होती. "तो आला होता पीटरच्या," म्हणाली.

डेलियाच्या माफीसाठी अर्ज लोअरीने केला. उत्तर यायला महायुद्ध संपावं लागलं. एकोणीसशे सेहेचाळीसच्या निवडणुकीला ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती, उना शिक्षिका झाली होती. आम्ही सगळे तिच्यासोबत त्याच अग्निशमन केंद्रात गेलो. तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, कागद घेतला आणि पडद्याआड गेली. ती बाहेर येईना. एमेट येरझारा घालायला लागला. "चक्कर तर आली नसेल?" त्याने मला चारदा विचारलं. शेवटी ती आली, कागद पेटीत टाकला, आणि पेटीच्या झाकणावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली.

घरी येताना तिने सांगितलं, की मत क्रॉटीच्याच पक्षाला दिलं.

एमेट रस्त्यात थांबला. "त्यांना? डेलिया, त्यांना?"

"क्रॉटी गेला. पक्ष काय त्याच्या बापाचा होता? कामगारांचं कोण बघतंय ते बघून दिलं मी."

"मी... मी तुझ्यासाठी ट्राम गमावली!"

"तू ट्राम तुझ्या आईसाठी गमावलीस. आणि त्यांचा महापौर पडल्यावर परत मिळाली की तुला!"

ते दोघं आयुष्यभर भांडले. रविवारी दुपारी माझ्या दुकानामागच्या खोलीत चहा पिताना त्यांचं राजकारण चालायचं, आणि एमेट, ज्याच्या तोंडून एकेकाळी शब्द फुटत नसे, तो मुठी आपटून बोलायचा. त्यांनी लग्न केलं नाही. लोक विचारायचे. डेलिया म्हणायची, "घरात दोन पक्ष नकोत." एमेट म्हणायचा, "तिला मी कुणाच्या बाजूचा ते रोज सांगावं लागेल."

सगळं काही धुऊन निघालं असं मात्र मी म्हणणार नाही. सुधारणा करणारे निवडून आले, त्यांतल्याच एका नगरसेवकाने पुढे सखल वस्तीत नाताळाला कोळसा वाटला आणि वाटताना आपल्या नावाची चिठ्ठी दिली. डेलियाने आपल्या वाट्याची पोती हातगाडीवर घातली, मेरीला सोबत घेतलं आणि भर दुपारी त्याच्या दारासमोर नेऊन ओतली. तो बाहेर येऊन म्हणाला, "बाई, अहो मदत होती ही!"

"माहितीय," डेलिया म्हणाली. "अशाच मदतीने माझी सुरुवात झाली होती. मदत करायची तर चिठ्ठी काढून कर." पुढच्या वर्षी त्याने चिठ्ठी काढली. कोळसा मात्र वाटला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पन्नासच्या सुमारास डेलियाला मतदानाच्या टेबलावर बसायला बोलावलं, आणि शेजारी मला. एमेट तोवर निवृत्त झाला होता. तो शेगडीपाशी बसून आमच्यावर लक्ष ठेवायचा. तसं लक्ष ठेवण्यासारखं काही नसायचं. एका मतदानाच्या दुपारी पाऊस लागला होता, तासाभरात कुणी फिरकलं नव्हतं, डेलिया मोजा विणत होती. तेवढ्यात पॅडी हॉली आला. बऱ्यापैकी प्यायलेला.

"माझं झालंय सकाळी," तो म्हणाला. "भावाचं द्यायला आलोय. लॅरी आजारी आहे, त्याला उठवत नाही. मी देतो त्याच्या नावाने. भाऊच आहे माझा सख्खा."

डेलियाने विणकाम खाली ठेवलं. "नाही, पॅडी."

"अगं पण तो मरायला टेकलाय!"

"टेकलाय ना? मग अजून त्याचंच आहे." ती एमेटकडे वळली. "उनाची मोटार बाहेर आहे. जाऊन आण त्याला."

एमेट गेला. अर्ध्या तासाने त्याने आणि उनाने लॅरी हॉलीला खुर्चीत बसवून, दोन घोंगड्यांत गुंडाळून उचलून आणलं. लॅरीला दम लागत होता, पण डोळे लखलखीत होते. त्याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, थरथरत्या हाताने सही केली. आम्ही खुर्ची पडद्याआड सरकवली. आत बराच वेळ कागद खरखरत राहिला. पॅडी बाहेरून हाका मारत होता, "लॅरी, ऐक, तिसऱ्या रांगेत! तिसऱ्या!" एमेटने त्याला दाराबाहेर नेऊन उभं केलं.

लॅरी बाहेर आला, त्याने कागद पेटीत टाकला.

"कुणाला दिलंस?" पॅडीने दारातूनच विचारलं.

"नाही सांगत."

"अरे मी भाऊ आहे तुझा!"

"म्हणूनच नाही सांगत."

मोटारीत बसतानाही त्यांचं चाललं होतं. पॅडी विनवत होता, लॅरी घोंगडीत तोंड लपवून हसत खोकत होता. उनाने गाडी सुरू केली आणि पावसात ते दोघं भांडत भांडत फाउंड्री स्ट्रीटच्या वळणावरून दिसेनासे झाले. डेलियाने यादीत लॅरीच्या नावापुढे खूण केली आणि पुढचा माणूस कधी येतोय म्हणून दाराकडे पाहिलं.